लाकडी लगद्याचा निर्यात व्यापार

लाकडातले तंतू लिग्निनच्या, म्हणजे त्यांना एकत्र चिकटवून ठेवणाऱ्या नैसर्गिक द्रव्याच्या, जखडीतून सोडवून, त्यांचे ताव वाळवून ते परदेशांतल्या कागद, टिश्यू किंवा रेयॉनच्या (लगद्यापासून बनणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या) कारखान्यांना विकण्याचा हा व्यापार आहे. जगात तयार होणारा बराचसा लगदा या बाजारात येतच नाही. ज्या आवारात तो शिजतो तिथेच ओला असताना त्याचा कागद होतो. विक्रीसाठीच बनवलेल्या मालाला धंद्यात ‘मार्केट पल्प’ म्हणतात. जकातीच्या जागतिक वर्गीकरणात तो ४७व्या प्रकरणात मोडतो.

लगदा म्हटले की बादलीतला काला डोळ्यांसमोर येतो, पण बंदरावर दिसतात त्या पांढऱ्या, चौकोनी गासड्या. त्यातला ताव हाताला टीपकागदासारखा लागतो, फक्त पुठ्ठ्याइतका जाड. फाडून पाण्यात घुसळला की पुन्हा लगदा तयार. एक गासडी साधारण २५० किलोची असते. तिला गुंडाळलेला कागदही बहुधा लगद्याचाच ताव असतो. त्यामुळे तारा कापल्या की वेष्टनासकट सगळे घुसळणीच्या टाकीत जाते. तारांनी एकत्र बांधलेल्या आठ गासड्यांचा सुमारे २ टनांचा संच क्रेन एकदम उचलते. भाव ठरतो तो ‘हवेत वाळलेल्या’ टनावर, म्हणजे १० टक्के ओलावा धरून. नमुने काढून ओलावा मोजतात आणि बिलातले वजन त्याप्रमाणे दुरुस्त करतात. (पाणी मिसळून विकल्याची शंका केवळ दुधापुरती नाही.)

लगदा इतक्या लांबून मागवावा लागतो, कारण सगळे तंतू सारखे नसतात. पाइन, स्प्रूस अशा सूचिपर्णी झाडांचा तंतू २ ते ३ मिलिमीटर लांब असतो आणि कागदाला बळकटी देतो. निलगिरीचा तंतू जेमतेम १ मिलिमीटर. त्याने कागद मऊ, अपारदर्शक आणि छपाईला गुळगुळीत होतो. टिश्यूवाल्याला दोन्ही हवे असतात, पण दोन्ही झाडे एकाच हवामानात क्वचितच जोमाने वाढतात.

एकोणिसाव्या शतकात चिंध्या पुरेनाशा झाल्यावर कागद लाकडाकडे वळला. १८७९च्या सुमारास कार्ल डाल या जर्मन रसायनज्ञाने क्राफ्ट पद्धत शोधली. तीत लाकडाच्या ढलप्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवतात. मागे उरलेला काळा द्रव जाळून रसायने परत मिळतात आणि वर वीजही निघते. त्यानंतर अनेक दशके हा व्यापार थंड देशांच्या, म्हणजे स्वीडन, फिनलंड, कॅनडा यांच्या हाती होता. तो निसटला तो झाडाच्या वयामुळे. फिनलंडचा स्प्रूस तोडणीला यायला ६० वर्षांहून जास्त काळ घेतो, तर ब्राझीलची निवडक निलगिरी सहा-सात वर्षांत तयार होते. १९७८मध्ये ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो राज्यात अराक्रूझ कंपनीचा कारखाना सुरू झाला तोच मुळी निर्यातीसाठी. आज ब्राझील हा सर्वांत मोठा निर्यातदार आहे. तिथल्या सुझानो कंपनीने २०२४मध्ये रिबास दो रिओ पार्दो इथे सुरू केलेल्या एकाच कारखान्याची क्षमता वर्षाला २५.५ लाख टन आहे.

या व्यापाराचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र शेजारच्या छोट्या उरुग्वेचे. हा देश जंगलांचा नव्हे, गवताळ कुरणांचा आणि गुरांचा. १९८७च्या वनकायद्याने कुरणांवर झाडे लावणाऱ्यांना सवलती दिल्या आणि आज तिथली लागवड सुमारे १० लाख हेक्टरांवर आहे. २००७मध्ये बोत्निया या फिनिश कंपनीने उरुग्वे नदीकाठच्या फ्राय बेंतोस गावी वर्षाला १० लाख टनांचा कारखाना सुरू केला. हे गाव त्याआधी ओळखले जाई ते डबाबंद मांसासाठी. तिथली जुनी मांस-वसाहत २०१५पासून जागतिक वारसा यादीत आहे.

नदीपलीकडे अर्जेंटिना. तिथल्या ग्वालेग्वायचू गावच्या लोकांना नदीचे पाणी, सडक्या कोबीसारखा गंधकी वास आणि पर्यटनाचे नुकसान यांची धास्ती वाटली. त्यांनी दोन देशांना जोडणारा पूल तीन वर्षांहून अधिक काळ अडवून धरला. अर्जेंटिनाने १९७५च्या नदी-कराराचा आधार घेऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. २० एप्रिल २०१०च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की उरुग्वेने शेजाऱ्याला आधी कळवण्याचे बंधन मोडले, पण नदी प्रदूषित झाल्याचे सिद्ध झाले नाही. कारखाना चालूच राहिला. २०२३मध्ये पासो दे लोस तोरोस इथे त्याच्या दुप्पट, २१ लाख टनांचा कारखाना उभा राहिला. तिथला माल मोन्तेविदेओ बंदरात न्यायला सरकारने रेल्वेमार्ग नव्याने बांधून घेतला. हे कारखाने मुक्त क्षेत्रात असल्याने करांतून सुटतात. त्यामुळे जमीन, पाणी आणि रूळ देशाचे, मग नफ्यातला वाटा किती, हा तिथला वाद रास्तच म्हणावा लागेल.

सर्वांत मोठा गिऱ्हाईक चीन. २०२१पासून त्याने रद्दी कागदाची आयात पूर्ण थांबवली, त्यामुळे नव्या तंतूंची गरज वाढली. लांब तंतूच्या लगद्याचे वायदे शांघायमध्ये २०१८पासून होतात. भाव भलतेच चंचल असतात: २०१०च्या भूकंपाने चिलीतले कारखाने थांबले तेव्हा आणि २०२२मध्ये फिनलंडमध्ये चार महिन्यांच्या आसपास संप चालला तेव्हा, पुरवठा आटून बाजार कडाडला.

रेयॉनसाठी लागणारा विद्राव्य लगदा अधिक शुद्ध आणि महाग असतो. त्यात जवळपास निव्वळ सेल्युलोज, म्हणजे तंतूंचा मूळ घटक, असते. चीनने कॅनडा, अमेरिका आणि ब्राझीलच्या अशा मालावर २०१४मध्ये अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे अवाजवी स्वस्तात विकल्या जाणाऱ्या परदेशी मालावरची जादा जकात, लावले. कॅनडाच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने २०१७मध्ये चीनच्या चौकशीत दोष काढले.

भारताचा या व्यापाराशी संबंध आहे तो ग्राहक म्हणून. चंद्रपूर जिल्ह्यातली बल्लारपूरची कागद गिरणी विदर्भाच्या बांबूवर उभी राहिली, पण शहाडसारख्या ठिकाणी रेयॉनचा धागा काढायला बांबूचा साधा लगदा चालत नाही. विद्राव्यच लागतो आणि देशात तो कमी पडतो. केरळात मावूरला बिर्ला समूहाचा असा लगदा बनवणारा कारखाना होता, तो २००१मध्ये बंद पडला. तोवर समूहाने कॅनडात लगदा कारखाना घेतलेला होताच. पुढे तिथे आणखी कारखाने आणि २०११मध्ये स्वीडनमधला डोमशो त्याच्या मालकीचा झाला. नागदा आणि भरूचजवळच्या खरच इथल्या समूहाच्या व्हिस्कोजला (रेयॉनच्याच एका प्रकाराला) लागणारा काही लगदा त्यामुळे भारतीय मालकीचा, पण बर्फाळ जंगलातला असतो.