‘फुल्ल इन्शुरन्स’ असूनही पंचवीस हजार खिशातून का गेले?

गेल्या कार्तिकात पांढरकवड्याजवळ रात्री धाकट्या भावाच्या गाडीला रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. माणसं सुखरूप होती, एवढ्यावर देवाचे आभार मानले. गाडीचं बोनेट मात्र दुमडलं होतं, दोन्ही हेडलाइट फुटले होते आणि बंपर रस्त्यावर पडला होता. कॅशलेसची सोय असलेलं, म्हणजे विमा कंपनी आपला वाटा परस्पर भरते असं, वर्कशॉप नागपूरला, म्हणजे दीडशे किलोमीटरवर. गाडी तिथवर ओढून न्यायलाच साडेसहा हजार लागले. दुरुस्तीचं बिल ५९,६०० रुपये झालं. कंपनीने ३९,३०० मंजूर केले आणि टोइंगचे म्हणून वर १,५०० दिले. बिल हातात घेऊन भावाने विचारलं, “फर्स्ट पार्टी काढली होती ना भाऊ, मंग पंचवीस हजार काहून भरायचे?”

आमच्याकडे विम्याचा प्रश्न निघाला की हेच ऐकू येतं. एजंटने फसवलं, नाहीतर नुकसान तपासायला आलेल्या सर्वेअरने कापलं, असा समज असतो. कधी ते खरंही असतं. पण भावाच्या बिलावरची जवळजवळ प्रत्येक कपात नियमाला धरून होती, आणि तो नियम बराच जुना आहे. तो कुठून आला हे कळल्याशिवाय भांडायचं कुणाशी, तेच समजत नाही.

आधी नावाचं बघू. ‘फुल्ल इन्शुरन्स’ काय किंवा ‘फर्स्ट पार्टी’ काय, हे शब्द शोरूममधले आणि एजंटच्या तोंडचे. पॉलिसीच्या कागदावर ते नसतात. तिथे ‘पॅकेज पॉलिसी’ लिहिलेलं असतं. पॅकेज म्हणजे दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या. एक, आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई, म्हणजे थर्ड पार्टी. दुसरी, आपल्याच गाडीचं नुकसान. कायद्याला आजवर सक्तीची वाटली ती फक्त पहिली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातलं थर्ड पार्टी विम्याचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं, आणि १९८८ च्या कायद्यात तीच सक्ती कलम १४६ मध्ये आली. रस्त्यावर चिरडल्या गेलेल्या माणसाच्या घरच्यांना काहीतरी मिळावं, हा त्यामागचा विचार, आणि तो योग्यच होता. आपल्या गाडीचा विमा मात्र कंपनी आणि मालक यांच्यातला करार राहिला. आणि त्या कराराच्या अटी लिहिल्या जाताना मालकाला कुणी विचारलं नाही.

१९७३ च्या १ जानेवारीपासून सामान्य विमा सरकारी झाला आणि १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. भाव आणि अटी टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटी ठरवायची. कंपनी कुठलीही घ्या, पॉलिसीतली वाक्यं तीच. खासगी कंपन्या परत आल्यावरही ही पद्धत काही वर्षं टिकली. १ जुलै २००२ पासून ‘इंडिया मोटर टॅरिफ’ नावाची सुधारित नियमावली लागू झाली. भावाच्या बिलावरची कात्री या नियमावलीतली आहे.

ती कशी चालते ते बिलातूनच सांगतो. भावाची गाडी तीन वर्षं आठ महिन्यांची. बंपर ८,४०० चा, हेडलाइट १३,००० चे, ग्रिल आणि बाकी प्लास्टिक ३,००० चं. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याची कपात. म्हणजे २४,४०० पैकी १२,२०० गेले. गाडी शोरूममधून कालच आणलेली असती तरी एवढेच गेले असते, कारण प्लास्टिकच्या घसाऱ्याला वयाची अट नाही. धातूला आहे. सहा महिन्यांपर्यंत काहीच नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, मग दुसऱ्या वर्षापासून वर्षागणिक १०, १५, २५, ३५, पाच वर्षांनंतर ४० आणि दहा वर्षांनंतर ५०. चौथ्या वर्षात असलेल्या या गाडीचं बोनेट आणि फेंडर मिळून १४,८०० चं, त्यातले २५ टक्के म्हणजे ३,७०० गेले. रंगकामाचे १२,०००. त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावर अर्धा घसारा, म्हणजे १,५००. कूलंट, क्लिपा, नटबोल्ट यांचे १,९०० पूर्ण आपल्या माथी. मजुरी ६,५०० पूर्ण मिळाली. शेवटी १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर दाव्यात मालकाने सोसायचे सक्तीचे १,००० वजा. काचेवर घसारा नसतो, पण नेमकी काच शाबूत होती.

घसाऱ्यामागचं तत्त्व समजण्यासारखं आहे. नुकसानीच्या आधी तुम्ही जिथे होता तिथे तुम्हाला परत नेऊन ठेवायचं, त्याच्या पुढे नाही. चार वर्षं वापरलेल्या बंपरच्या जागी नवा बसवून दिला तर मालकाचा फायदा होतो, असं विम्याचं म्हणणं. पण चार वर्षं वापरलेला बंपर वर्कशॉपमध्ये मिळतो कुठे? मालकाला नवाच घ्यावा लागतो, आणि जुन्या-नव्यातला फरक त्याच्याच अंगावर येतो. त्यात गाड्या दिवसेंदिवस प्लास्टिकच्या होत चालल्या आहेत. समोरून धडक बसली की आधी तुटतात त्या बंपर, ग्रिल, हेडलाइट या वस्तू, आणि अर्धा घसारा लागतो तोही यांनाच. आमच्याकडे रात्री रस्त्यावर रोही आणि रानडुक्कर. ती धडक जवळपास नेहमी समोरूनच बसते.

टोइंगच्या दीड हजाराचं मूळही याच नियमावलीत आहे. अपघातग्रस्त गाडी जवळच्या दुरुस्ती केंद्रापर्यंत नेण्यासाठी खासगी कारला १,५०० रुपयांची मर्यादा. शहरात वर्कशॉप दहा किलोमीटरवर असतं, तिथे हे भागतं. पांढरकवडा, आर्णी किंवा एटापल्लीच्या माणसाने काय करायचं?

गाडी पूर्ण गेली तर आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, मिळते. तिचा तक्ताही तिथलाच. सहा महिन्यांपर्यंत किंमत ५ टक्क्यांनी कमी, मग वर्षापर्यंत १५, पुढे २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५०. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’. रोड टॅक्स, नोंदणीचे पैसे यांचा हिशोब त्यात नाही.

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या विम्याचे दर खुले झाले. कंपन्या स्वस्त-महाग देऊ लागल्या. पण अटींची जुनी वाक्यं जवळपास जशीच्या तशी राहिली. माझ्या मते खरी चूक इथेच झाली. किंमत बदलली, पण त्या किमतीत मिळतं काय, यावर कुणी हात घातला नाही. पुढे वरून जोडायची कव्हरं निघाली: घसारा न कापणारं झिरो डेप, इंजिनसाठी वेगळं, नटबोल्ट-कूलंटसाठी वेगळं, पूर्ण बीजक किमतीसाठी वेगळं. म्हणजे ‘फुल्ल’ शब्दातून जे मिळेल असं वाटलं होतं ते तुकड्या-तुकड्याने विकत घ्यायचं. त्यातही झिरो डेप साधारण पाच वर्षांच्या आतल्या गाडीलाच मिळतं. आमच्याकडे शहरात सहा-सात वर्षं फिरलेली सेकंडहँड गाडी घेतात. तिला घसारा जास्त आणि तिलाच झिरो डेप नाही.

इंजिनच्या कव्हरची गोष्ट पाण्याशी जोडलेली आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या बुडाल्या. पॉलिसीत पूर आहेच. पण बुडालेली गाडी चालू करायला गेलं, इंजिनमध्ये पाणी शिरून ते जाम झालं, तर ते पुराचं नुकसान नसून नंतर ओढवून घेतलेलं आहे, असं म्हणून कंपन्या नाकारतात. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून घराघरांपुढच्या गाड्या पाण्यात गेल्या, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला. आपल्या नाल्यांवरच्या रपट्यांवर, म्हणजे ठेंगण्या पुलांवर, तर तो दर पावसाळ्यात उभा राहतो. म्हणून कळकळीने सांगतो: पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका. ढकलून बाहेर काढा, फोटो काढा, कंपनीला फोन करा.

गावाकडे सगळ्यात जास्त दावे बुडतात असं मला वाटतं ते दोन कारणांनी. पहिलं, गाडी घेतली पण आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, जुन्या मालकाच्या नावावरच राहिली, किंवा आरसी बदलली आणि विमा बदलला नाही. कलम १५७ मुळे थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो. स्वतःच्या गाडीचा विमा तसा जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं. गाडीची मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विम्यासाठी अर्ज करावा लागतो. तो दिवस चुकलेले किती जण मी पाहिलेत.

दुसरं कारण भाड्याचं. शेजारच्या पेशंटला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी डिझेलचे पैसे हातावर ठेवले, आणि अपघातानंतर जबाबात कुणीतरी ‘भाड्याने नेली’ असं लिहून टाकलं. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर चालत नाही, म्हणून दावा फेटाळला जातो. पण २००८ मध्ये गाडी चोरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, भाड्याच्या वापराचा चोरीशी संबंध नसताना संपूर्ण दावा नाकारता येत नाही. ‘नॉन-स्टँडर्ड’, म्हणजे अट मोडलेला पण पूर्ण न बुडवायचा दावा, म्हणून ७५ टक्के द्यायला सांगितलं. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने ठरवलं की, चोरीची फिर्याद पोलिसांत लगेच दिली असेल, तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावरून दावा बुडवता येत नाही. हे दोन निकाल तालुक्याच्या प्रत्येक एजंटच्या भिंतीवर लागले पाहिजेत. जिल्हा ग्राहक आयोगात जाणाऱ्याला हाच आधार असतो.

भावाने मार्चमध्ये विमा नव्याने काढला. गाडी पाच वर्षांच्या आत असल्याने झिरो डेप मिळालं, हप्ता वाढला. नवा कागद मी ओळ न ओळ वाचला. टोइंगच्या ओळीसमोर अजून १,५०० च छापलेत.