शेळीचा की गायीचा? ब्रुसेलाच्या ओळखीची पार्श्वभूमी

संध्याकाळी चढणारा ताप, अंग भिजवणारा घाम आणि न थांबणारी कंबरदुखी. असा रुग्ण जतहून मिरजेला किंवा माणमधून कऱ्हाडला पोचतो तेव्हा आधी टायफॉइड, मग क्षय अशी शंका घेतली जाते. गोठ्यात गाय गाभडली होती का, वार हाताने काढली का, हा प्रश्न अनेकदा राहूनच जातो. खरे तर ब्रुसेलोसिसचा, म्हणजे ब्रुसेला या जंतूमुळे जनावरांतून माणसात येणाऱ्या तापाचा, माग तिथूनच लागतो.

हा जंतू १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टात मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेत पाहिला. तो येतो कुठून, हे कळायला १९०५ उजाडले. थेमिस्टोक्लिस झमिट यांना तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत सापडला आणि सैनिकांचे शेळीचे कच्चे दूध बंद होताच ताप ओसरला. तिकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्येच गाभडणाऱ्या गायींतून एक जंतू वेगळा केला होता. पण माणसांचे डॉक्टर माणसांपुरते आणि जनावरांचे जनावरांपुरते. हे दोन्ही जंतू सख्खे भाऊबंद आहेत, हे अॅलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये दाखवेपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. दाखवल्यावरही बरीच वर्षे त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही.

रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी १८९७ पासूनची. ती स्वस्त आहे, उपयोगीही आहे. पण शेळीच्या आणि गायीच्या ब्रुसेलाचे बाह्य आवरण जवळपास सारखे असल्याने आजार कोणत्या जातीच्या जंतूचा, हे ती सांगत नाही. जंतू वाढवून पाहावा तर कित्येक दिवस जातात, शिवाय प्रयोगशाळेतल्या माणसालाच लागण होण्याची भीती.

जनुकांकडे वळल्यावरही गंमत झाली. जंतू ओळखायला सर्रास वापरले जाणारे १६एस जनुक ब्रुसेलाच्या या जातींत जवळपास एकसारखे निघाले. १९८५ मध्ये तर डीएनएच्या साम्यावरून ही सगळी एकच जात मानावी, असा प्रस्ताव आला. वाट काढली ती आयएस७११ या डीएनएच्या तुकड्याने. तो प्रत्येक जातीत वेगवेगळ्या जागी बसलेला असतो. ब्रिकर आणि हॅलिंग यांनी १९९४ मध्ये त्यावर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याची चाचणी, बेतला; प्रतींची लांबी जंतूची जात सांगते: ७३१ बेसजोड्यांचा पट्टा दिसला तर मेलिटेन्सिस, म्हणजे मुख्यतः शेळ्यामेंढ्यांचा, ४९८ चा दिसला तर अबॉर्टस, गायीम्हशींचा.

जंतूची जात कळल्याने रुग्णाचे औषध बदलत नाही. डॉक्सिसायक्लिन आणि जोडीचे प्रतिजैविक सहसा सहा आठवडे. बदलते ते गोठ्यातले काम. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना अबॉर्टसविरुद्धची एस१९ लस देण्याची राष्ट्रीय मोहीम २०१९ मध्ये सुरू झाली, पण रुग्णात मेलिटेन्सिस निघाला तर आधी शेळ्या तपासायला हव्यात. तेवढ्यावरही भागत नाही, कारण आपल्याकडे गाय आणि शेळी एकाच छपराखाली बांधलेली, आणि मेलिटेन्सिस गायीतही शिरतो. एस१९ ही तर जिवंत लस. टोचताना सुई हाताला लागून पशुवैद्य आजारी पडू शकतो. जंतू लसीतला की गोठ्यातला, हे वेगळे करण्याची सोय त्याच पीसीआरमध्ये १९९५ साली झाली.