सांत्वन, ख्रिस्ती

ताण, भीती, आजार, शोक किंवा अनिश्चितता यांच्या काळात ख्रिस्ती श्रद्धेतून मिळणारा आधार आणि तो मिळवण्यासाठी रूढ झालेल्या प्रार्थना, वाचन व उपासनेच्या पद्धती यांना मिळून ख्रिस्ती सांत्वन म्हणता येईल. ‘सांत्वन’ म्हटले की मराठीत डोळे पुसणे, समजूत घालणे असा अर्थ मनात येतो. बायबलच्या नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘पाराक्लेसिस’ याहून रुंद आहे. जवळ बोलावणे, धीर देणे, आर्जव करणे या सगळ्या छटा त्यात आहेत. त्याच धातूपासून आलेला ‘पाराक्लेटोस’ हा शब्द योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी येतो. मराठी बायबलने त्यासाठी ‘कैवारी’ हा फार नेमका शब्द योजला. कैवारी संकट दूर करतोच असे नाही, तो बाजू घेऊन शेजारी उभा राहतो. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी अवघ्या पाच ओव्यांत (१:३–७) हा शब्द वेगवेगळ्या रूपांत दहा वेळा आला आहे. ज्याला सांत्वन मिळाले त्याने ते दुसऱ्याला द्यावे, असा तिथला आशय आहे.

या परंपरेचा उगम शांतीच्या वचनांत शोधण्याची सवय आहे. मेंढपाळाचे तेविसावे स्तोत्र किंवा ‘कष्टी व भाराक्रांत’ जनांना विसावा देणारे येशूचे बोलावणे (मत्तय ११:२८) भिंतीवरच्या तसबिरींत हमखास दिसते. पण उगम खरे तर तक्रारीत आहे. बायबलमधील स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांचे प्रकार लावताना जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) यांना सर्वांत मोठा गट विलापस्तोत्रांचा आढळला. ‘किती काळ?’ हा प्रश्न तेराव्या स्तोत्रात एकापाठोपाठ चारदा विचारला आहे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे विश्वासाच्या किंवा स्तुतीच्या सुरात वळतात. अठ्ठ्याऐंशीवे मात्र वळत नाही, ते अंधार या शब्दावरच थांबते. असे स्तोत्र उपासनेच्या पुस्तकात तसेच ठेवले गेले, याचे महत्त्व मोठे आहे. दुःखी माणसाला आधी स्वतःला सावरून मग देवासमोर यावे लागत नाही, हे त्यातून आपोआप सांगितले जाते.

ईयोबाचे पुस्तक सांत्वन करणाऱ्यांचीच परीक्षा घेते. घोर संकटांत सापडलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्दही न बोलता बसतात. त्यांचे खरे सांत्वन तेवढेच. पुढे ते बोलू लागतात, तुझ्याच पापाचे हे फळ असेल असे सुचवतात आणि अखेरीस देवाचा राग ओढवून घेतात. ‘श्रद्धा कमी पडली म्हणून त्रास झाला’ असे आजही ऐकवणाऱ्यांना हे पुस्तक अडचणीचे ठरते.

येशूविषयीच्या कथनांतही ताण झाकलेला नाही. लाजर या मित्राच्या थडग्यापाशी तो रडतो. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत तो अतिशय व्याकुळ होतो, शिष्यांना जागे राहायला सांगतो आणि ते झोपी जातात. वधस्तंभावर त्याच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्रातील विलापाचे शब्द येतात. देवाने मानवी वेदना स्वतः भोगली, हा ख्रिस्ती सांत्वनाचा गाभा. ‘कशाविषयीही चिंता करू नका’ (फिलिप्पै ४:६) हे पौलाचे वाक्य उपदेशासारखे वाटते. ते पत्र त्याने बंदिवासातून लिहिले, हे लक्षात घेतले की त्याचा सूर बदलतो.

पुढील शतकांत या विषयावर पुष्कळ लिहिले गेले. १५६३च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रॉटेस्टंट श्रद्धा प्रश्नोत्तरांतून शिकवणाऱ्या पुस्तिकेत, १२९ प्रश्न आहेत. पहिलाच प्रश्न जगताना आणि मरताना तुझे एकमेव सांत्वन कोणते, असा आहे. उत्तर असे की, मी माझा स्वतःचा नाही, ख्रिस्ताचा आहे. सगळा भार आपल्याच हातात असल्याची जी भावना ताणात माणसाला जखडते, तिच्यावर हे उत्तर थेट बोट ठेवते.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) यांचा मार्ग निरीक्षणाचा होता. १५२१ मध्ये पाँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांच्या ध्यानात आले, की शौर्याची स्वप्ने रंगवल्यावर मन नंतर कोरडे पडते, संतांच्या आयुष्याचा विचार केल्यावर मात्र समाधान टिकते. यातूनच त्यांनी ‘सांत्वन’ आणि ‘उद्विग्नता’ या दोन मनोवस्था ओळखण्याचे नियम मांडले. उद्विग्नतेच्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हा त्यांतला सर्वांत व्यवहारी नियम. श्रद्धा नसलेल्यालाही तो उपयोगी पडावा.

सांत्वन जाणवलेच पाहिजे, असा आग्रह मात्र या परंपरेत नाही. १५७७–७८ मध्ये टोलेडो येथे कोठडीत राहिलेल्या क्रूसभक्त योहान (१५४२–९१) या स्पॅनिश संन्याशांनी देव दूर गेल्यासारख्या अवस्थेला ‘अंधारी रात्र’ म्हटले. मदर तेरेसा यांची पत्रे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनीही अनेक दशके असाच अंधार सोसला होता हे जगाला कळले. अनेकांना धक्का बसला. स्तोत्रसंहिता वाचणाऱ्यांना बसायला नको होता.

पंथागणिक पद्धती बदलतात. प्रॉटेस्टंट घरांत बायबलवाचन, उत्स्फूर्त प्रार्थना आणि गीते यांवर भर असतो. कॅथलिक परंपरेत मिस्सा (भाकर-द्राक्षारसाची सामूहिक उपासना), पापनिवेदन आणि आजाऱ्याला तेल लावून करण्याचा संस्कार आहे. हा शेवटचा संस्कार दीर्घकाळ मरणासन्नांपुरता राहिला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) तो पुन्हा गंभीर आजारी माणसांसाठी मोकळा झाला. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही लहानशी प्रार्थना श्वासाच्या लयीत घोळवतात. अशा जपाचा शरीरावरचा परिणाम मोजताही येतो. २००१ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगात २३ निरोगी व्यक्तींनी लॅटिनमधून रोझरी (कॅथलिकांची जपमाळेची प्रार्थना) म्हटली. श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि हृदय व रक्ताभिसरणाच्या लयी जुळल्या. एका बौद्ध मंत्राच्या जपानेही हेच घडले. अर्थात, लय जुळण्याचे श्रेय एका धर्माला देता येत नाही.

मानसशास्त्रात केनेथ पार्गमेंट यांनी श्रद्धेच्या आधाराने ताण पेलण्याचे दोन कल वेगळे केले. देव सोबत आहे असे मानणारा कल सहसा लाभाचा दिसतो. देव शिक्षा करतो आहे किंवा त्याने टाकून दिले आहे, अशी भावना त्रास वाढवते. श्रद्धा आहे की नाही यापेक्षा ती कोणत्या प्रकारची आहे, हे इथे अधिक बोलके ठरते. दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेचा परिणाम तपासणाऱ्या, २००६च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांत कोणताही लाभ दिसला नाही. पण अनोळखी माणसांच्या प्रार्थनेचे मोजमाप आणि रुग्णाच्या स्वतःच्या श्रद्धेचा आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धर्म ही जनतेची अफू आहे, ही कार्ल मार्क्स यांची १८४४ मधील टीका या संदर्भात नेहमी उद्धृत होते. त्याच उताऱ्यात त्यांनी धर्माला पिचलेल्या जीवाचा सुस्कारा म्हटले आहे, ते सहसा गाळले जाते.

तीव्र नैराश्य किंवा चिंताविकारात प्रार्थना उपचारांची जागा घेऊ शकत नाही, हे आता बहुतेक प्रमुख चर्च मान्य करतात. रुग्णालयांत नेमलेले धर्मसेवक डॉक्टरांच्या बरोबरीने काम करतात. त्यांच्या प्रशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांपैकी अँटन बॉइसेन हे अमेरिकी धर्मोपदेशक १९२० मध्ये स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाले होते. १९२५ मध्ये वूस्टर येथील मनोरुग्णालयात त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये नेऊन बसवले. हे रुग्ण म्हणजे ‘जिवंत मानवी दस्तऐवज’ असून ग्रंथांइतक्याच काळजीने त्यांचे वाचन करावे, असे ते म्हणत.