आधी रस्ता सांगा, मग सायकल बघू
(रोज सायकलने कामावर जाणाऱ्या आमच्या नवी मुंबईतल्या ग्राहकांसाठी)

दुकानात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'गिअर किती?' आम्ही उलट विचारतो, राहता कुठे आणि जाता कुठे? वाशी ते बेलापूर हा पाम बीच रस्ता साधारण 10 किलोमीटर आणि जवळजवळ सपाट. रमतगमत गेलात तरी पाऊण तासात पोचाल. त्यासाठी मागचे सात गिअर भरपूर झाले. घर पारसिक हिलवर असेल तर मात्र वेगळं बोलू.

जाड टायर आणि पुढचं सस्पेन्शन बघून शाळकरी मुलं भुलतात, त्यांचं ठीक आहे. ऑफिसला जाणाऱ्याने भुलू नये. स्वस्त सायकलीतलं सस्पेन्शन खड्ड्याचा दणका फारसा खात नाही, वजन मात्र वाढवतं. 32 ते 40 मिलिमीटर रुंदीचे टायर, मडगार्ड आणि कॅरियर बसेल अशी फ्रेम, एवढं बघा. बॅग पाठीवर घेऊ नका, कॅरियरवर टाका. अर्धा घाम तिथेच वाचतो. सीटची उंची इथेच लावून घ्या: पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हायला हवा. गुडघे दुखतात म्हणून आलेल्या बऱ्याच जणांची सीट खालीच असते.

पावसाळा

आमच्याकडची निम्मी कामं पावसाची. मडगार्ड पूर्ण लांबीचं हवं. आखूड प्लॅस्टिकचं तुकडं लावलं तर शर्टाच्या पाठीवर चिखलाचा पट्टा ठरलेला. रिम ब्रेक असतील तर ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून अंतर जास्त ठेवा आणि ब्रेक आधीपासून हलके दाबत या. ब्रेक शूमध्ये अडकलेली खडी काढा, नाहीतर ती रिम खरवडते. गटाराची लोखंडी झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि शेवाळलेले पेव्हर ब्लॉक यांवर हँडल वळवू नका, सरळ निघून जा.

पाणी चाकाच्या हबपर्यंत आलं असेल तर उतरा आणि सायकल ढकला. हबमध्ये आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलं की ग्रीस धुपतं. आठवडाभर काही कळत नाही, मग करकर सुरू होते. खाडीकाठची हवा खारी, त्यामुळे चेन इथे लवकर गंजते. भिजून आलात की चेन फडक्याने पुसा, कोरडी होऊ द्या, मग प्रत्येक कडीवर एक थेंब तेल आणि वरचं जास्तीचं पुसून टाका. तेलात न्हाणलेली चेन धूळ ओढते. गंज सोडवायचा स्प्रे हे चेनचं तेल नव्हे, हे आम्ही दर जूनला सांगतो.

चेन बदलायची वेळ घरीच ओळखता येते. तिची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. पट्टी लावून बघा. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढली असेल तर ती मागचे दातेही खायला लागली आहे. मग एकट्या चेनच्या पैशात भागत नाही.

हवा

किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. तुमच्या ट्यूबचा वॉल्व बारीक नळीचा असेल तर पेट्रोल पंपावरची नळी त्यावर बसत नाही. छोटा पितळी अडॅप्टर मिळतो, तो किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवा.

रस्त्यावर

ठाणे-बेलापूर रस्त्यावर सिग्नलला कंटेनरच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. तिथे तुम्ही ड्रायव्हरला दिसतच नाही. पाम बीचवर गाड्या सुसाट असतात, संध्याकाळी मागचा लाल दिवा लावल्याशिवाय निघू नका. अटल सेतूवर सायकलच काय, मोटारसायकललाही मनाई आहे.

ट्रेनने नेताना

ठाण्याहून ट्रान्स हार्बरने येऊन पुढे सायकल चालवायची असेल तर घडीची सायकल घ्या, आणि गर्दीची वेळ टाळा. आख्खी सायकल गावी न्यायची तर ती स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बुक होते. भाडं आणि नियम तिथेच विचारून घ्या. हँडल आडवं फिरवा, पेडल काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. जोर लावून आटे मारलेली सायकल घेऊन येणारे दरवर्षी भेटतात.

चोरी

कुलूप नुसतं चाकाला नको, फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही खांबाला बांधा. फ्रेमचा नंबर बहुधा पेडलच्या खाली, फ्रेमच्या तळाशी कोरलेला असतो. त्याचा फोटो बिलासोबत जपून ठेवा, पोलिसांत तक्रार द्यायची वेळ आली तर तोच विचारतील.

नवी सायकल महिनाभर चालवली की केबल सैल होतात आणि गिअर घसरतात. तो बिघाड नव्हे. घेऊन या, ते जुळवणं फुकट आहे. पावसाळ्याआधीची सर्व्हिस मेच्या मध्यापर्यंत करून घ्या, नंतर रांग लागते.