दोष सातविणीचा नाही

दिवाळी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून येतो: ‘सातवीण तोडा, तिच्या परागकणांनी दमा होतो.’ सातविणीचा वास उग्र असतो, कबूल. काहींचं त्यानं डोकं दुखतं, एखाद्या दमेकऱ्याला त्रासही होतो. पण तो वासाचा. परागकणांचं प्रकरण वेगळं आहे.

ज्या फुलाला घमघमाट आहे, त्यानं कीटकांना आवतण दिलेलं असतं. त्याचे पराग चिकट, हवेत फारसे न तरंगणारे. गवताची सगळी भिस्त वाऱ्यावर, म्हणून ते पराग मुठीमुठीनं उधळतं. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवरच प्रयोग करून 1873 साली गवताचा गुन्हा सिद्ध केला: शिंका आणि वाहतं नाक त्याच्या परागांमुळे. उंचावरच्या हवेतले पराग पकडायला त्यांनी चक्क पतंग उडवले होते! (मध चाटून पराग-अ‍ॅलर्जी घालवणाऱ्यांसाठी: मधमाशी मुख्यतः फुलांवर जाते. मधात वाऱ्यावरचे पराग कितीसे येणार?)

आता माझा आवडता भाग. गवताचा परागकण साधारण 30 ते 40 मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. एवढा मोठा कण नाकातच अडकतो. शिंका येतात, डोळे चुरचुरतात, पण फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत तो पोचत नाही. मग दमा कसा उफाळतो? शाळेत बेदाणा पाण्यात टाकून बघितला होता ना? परासरणानं पाणी आत शिरतं आणि तो टम्म फुगतो. पावसात सापडलेला परागकणही फुगतो, पण तेवढ्यावर थांबत नाही, फुटतो. आतून स्टार्चचे शेकडो कण बाहेर पडतात, 3 मायक्रॉनहूनही लहान. रायग्रास नावाच्या गवतामध्ये त्यांच्यासोबत ‘लोल पी 5’ नावाचं प्रथिन असतं. अ‍ॅलर्जी असलेल्याच्या मास्ट पेशींवर (अ‍ॅलर्जीचा भडका उडवणाऱ्या पेशी) त्याला ओळखणारी आयजीई प्रतिपिंडं आधीच दबा धरून बसलेली असतात. प्रथिनानं शेजारच्या दोन प्रतिपिंडांना सांधलं की पेशी हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन ही रसायनं ओतते, श्वासनलिकेचे स्नायू आवळले जातात.

21 नोव्हेंबर 2016 च्या संध्याकाळी मेलबर्नमध्ये हेच घडलं. वादळानं गवताचे पराग गोळा करून शहरावर आणले आणि काही तासांत हजारो माणसं धापा टाकत रुग्णालयांत पोचली. 10 जण दगावले. आजारी पडलेल्या बऱ्याच जणांना दमा असल्याचं कधी निदानच झालं नव्हतं, फक्त ‘सर्दीचा कोठा’ होता. आणि हे पराग शहरातल्या बागांमधले नव्हते, ते मुख्यतः उत्तर-पश्चिमेच्या कुरणांमधले होते. बागेतली हिरवळ वेळच्या वेळी कापली जाते, तिला फुलोरा धरायला फुरसतच मिळत नाही.

आमच्या कुंपणापलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर मात्र कंबरभर गाजरगवत माजलंय. 1950च्या दशकात पुण्यातच नोंदलं गेलेलं हे तण. त्याचे पराग कीटकांबरोबर वाऱ्यावरही जातात आणि नाक गळायला लावतात, पानांनी अंगाला खाज सुटते ती वेगळीच. त्याच्याबद्दल ग्रुपवर अजून एकही मेसेज आलेला नाही.