हेरकादंबरी-मालिकेचे चित्रपटीय रूपांतर

एकाच गुप्तहेराभोवती लिहिलेल्या कादंबऱ्यांवरून चित्रपटांची मालिका तयार करण्याची पद्धत. सुट्या कादंबरीच्या रूपांतराहून ती वेगळी मानावी लागते. येथे कथानक, नायक, शत्रुसंघटना आणि शीर्षक यांचे हक्क वेगवेगळ्या हातांत जाऊ शकतात, आणि पडद्यावरील कथेचे रूप पुष्कळदा त्या वाटपावरच ठरते.

आरंभाविषयी एकमत नाही. जॉन बकन यांच्या रिचर्ड हॅनेची पहिली कादंबरी (१९१५) आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९३५ मध्ये पडद्यावर आणली. पण तिच्यामागे मालिका उभी राहिली नाही. सर्वसाधारणपणे ‘डॉ. नो’ (१९६२) हा जेम्स बाँड-मालिकेतील पहिला चित्रपट आरंभबिंदू धरतात. तथापि जॉन मार्क्वांड यांच्या मोटो या जपानी हेरावर १९३७ ते १९३९ या काळात आठ चित्रपट निघाले होते. मोटोचे चित्रपट हेरकथेपेक्षा रहस्यकथेला जवळचे, हा आक्षेप रास्त आहे. तरीही मालिकेची पद्धत तेथेच रुजली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

हक्कांच्या वाटणीचे सर्वांत ठळक उदाहरण ‘थंडरबॉल’चे. बाँड-कादंबऱ्यांचे लेखक इयान फ्लेमिंग, निर्माते केव्हिन मॅक्लोरी आणि पटकथाकार जॅक व्हिटिंगहॅम यांनी १९५९ च्या सुमारास जेम्स बाँडवरील चित्रपटासाठी एकत्र काम केले. तो चित्रपट निघाला नाही. फ्लेमिंग यांनी त्याच सामग्रीवर १९६१ मध्ये ‘थंडरबॉल’ ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि मॅक्लोरी व व्हिटिंगहॅम न्यायालयात गेले. १९६३ मधील तडजोडीत चित्रपटाचे हक्क मॅक्लोरींकडे आले. त्यामुळे १९६५ च्या ‘थंडरबॉल’चे निर्माते म्हणून त्यांचे नाव आहे आणि १९८३ मध्ये तीच कथा मुख्य बाँड-मालिकेबाहेर पुन्हा चित्रित झाली.

वादाचा गाभा ‘स्पेक्टर’ या बाँडच्या शत्रुसंघटनेचा आहे. ती कोणाची कल्पना, हे निर्विवाद ठरलेले नाही. फ्लेमिंग यांच्या १९५६ च्या कादंबरीत ‘स्पेक्टरव्हिल’ हे गाव आहे आणि १९५७ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या कादंबरीत ‘स्पेक्टर’ नावाचे सांकेतिक संदेश उलगडणारे यंत्र. नाव तरी त्यांच्या मनात आधीपासून होते, असे यावरून म्हणता येते. मात्र नाव आणि संघटनेची रचना या निराळ्या गोष्टी आहेत, आणि रचनेत सहलेखकांचा वाटा नाकारणे कठीण आहे. मौज अशी, की मूळ कादंबरीत ज्या कटामागे सोव्हिएत हेरसंघटना ‘स्मेर्श’ होती, त्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या १९६३ च्या चित्रपटात सूत्रे ‘स्पेक्टर’कडे गेली आणि यंत्राचे नाव बदलून ‘लेक्टर’ करावे लागले. पुढे कायदेशीर अडचणींमुळे ही संघटना मुख्य मालिकेतून दीर्घकाळ गायब राहिली. मॅक्लोरींच्या वारसांकडील हक्क २०१३ मध्ये मिळाल्यावर ती २०१५ मध्ये परतली.

कादंबऱ्यांचा क्रम पडद्यावर बदलल्याने होणारी हानी अधिक खोल असते. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ (१९६३) या कादंबरीच्या शेवटी बाँडची पत्नी मारली जाते. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ (१९६४) ही त्या शोकातून उगवलेली सूडकथा आहे. चित्रपट उलट क्रमाने, १९६९ आणि १९६७ मध्ये आले. सूडाला कारणच उरले नाही.

नायकाचे नावही असेच पडद्यावर बदलू शकते. लेन डेटन यांचा १९६२ च्या कादंबरीतील निवेदक अनामिक आहे. १९६५ च्या चित्रपटात त्याला हॅरी पामर हे नाव मिळाले. जॉन ल कारे यांच्या ‘कॉल फॉर द डेड’वरील १९६६ च्या चित्रपटात जॉर्ज स्मायलीचा चार्ल्स डॉब्स झाला, कारण स्मायली हे नाव वापरण्याचा हक्क दुसऱ्या स्टुडिओकडे होता.

रॉबर्ट लडलम यांच्या बोर्न-कादंबऱ्यांवरील चित्रपटांत (२००२ पासून) स्मृतिभ्रंश झालेला नायक व शीर्षके राहिली, पण कार्लोस या दहशतवाद्याशी असलेला मूळ संघर्ष वगळला गेला.