काचा फोडणारा, काचा जोडणारा : फ्रँक हर्ली
मार्च २०२२मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात ३,००८ मीटर खोलीवर ‘एन्ड्युरन्स’ जहाज सापडलं. शंभरहून अधिक वर्षं बुडालेलं हे जहाज लोकांच्या ओळखीचं होतं, ते सिडनीच्या फ्रँक हर्लीमुळे (१८८५–१९६२).

‘एन्ड्युरन्स’ हे ब्रिटिश ध्रुवसंशोधक अर्नेस्ट शॅकल्टनच्या १९१४च्या अंटार्क्टिका मोहिमेचं जहाज; त्या मोहिमेत हर्ली अधिकृत फोटोग्राफर होता. जहाज बर्फात अडकलं, तेव्हा ध्रुवीय रात्रीच्या काळोखात त्याने वीसेक फ्लॅश उडवून त्याचा फोटो काढला. दोरखंडांवर बर्फ साचलेलं ते पांढरंफटक जहाज भुताचंच वाटतं. पुढे ऑक्टोबर १९१५मध्ये बर्फाने ते चिरडलं. काचेच्या निगेटिव्ह झाळून बंद केलेल्या डब्यांत होत्या आणि डबे पाण्याखाली. हर्ली कपडे काढून त्या बर्फाच्या लगद्यात उतरला, डबे वर आणले. पण एवढं ओझं पुढे नेणार कोण? मग शॅकल्टन आणि तो बर्फावर बसून काचा निवडू लागले. सव्वाशेच्या आसपास ठेवल्या. नापसंत काच तिथल्या तिथे फोडायची, म्हणजे नंतर मोह नको. अशा चारशेच्या आसपास फोडल्या. त्यानंतर हाताशी राहिला खिशात मावणारा कोडॅक कॅमेरा आणि फिल्मचे तीन रोल.

१९१७मध्ये हाच माणूस पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्याबरोबर बेल्जियममधल्या ईप्रच्या चिखलात फोटोग्राफर म्हणून पोचला. सैनिक विखुरलेले, तोफगोळा फुटतो एकीकडे, विमान भलतीकडे. एका फ्रेममध्ये लढाई मावेना. म्हणून त्याने वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एकच चित्र करायला सुरुवात केली. ईप्रजवळच्या झोनेबेकच्या लढाईच्या प्रसिद्ध चित्रात अशा बारा निगेटिव्ह आहेत. युद्धाची अधिकृत नोंद ठेवणारे चार्ल्स बीन संतापले. त्यांच्या लेखी हे सरळ बनावट काम होतं. हर्लीने राजीनाम्याची धमकी दिली, तेव्हा प्रदर्शनापुरत्या मोजक्या जोडचित्रांना परवानगी मिळाली. १९१८मध्ये लंडनला ती भिंतभर मोठी करून लावली.

हर्लीची अडचण खरी होती, हे मान्य. तरी माझं मत बीनच्या बाजूने झुकतं, कारण हर्लीची ही खोड तो युद्धावर जाण्याच्याही आधीची. जहाज गेल्यावर शॅकल्टनच्या मोहिमेतली माणसं अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावर पोचली होती; ३० ऑगस्ट १९१६ला तिथून बावीस जणांची सुटका झाली. त्या सुटकेचा म्हणून गाजलेला फोटो चार महिने आधीचा, २४ एप्रिलचा आहे. शॅकल्टन मदत आणायला होडीतून निघाला, त्या दिवशीचा. किनाऱ्यावरून हात हलवणारी माणसं तीच. फक्त ती निरोप देत होती.